आभासी वास्तव आणि विलंबाचा प्रश्न

इ. स. १८०० च्या वसंत ऋतूत लंडनमधील लायसियम या सभागृहात एक भव्य चित्र लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आले. चित्राचा विषय होता श्रीरंगपट्टणचा पाडाव. टिपू सुलतानाची ही राजधानी आदल्याच वर्षी, ४ मे १७९९ रोजी, इंग्रजांच्या हाती पडली होती. चित्र सुमारे १२० फूट लांब होते आणि ते प्रेक्षकांभोवती अर्धवर्तुळात उभे केले होते. त्यामुळे समोर पाहिले काय किंवा मान वळवून पाहिले काय, दृष्टीस पडे ते युद्धच. रॉबर्ट केर पोर्टर हा त्याचा चित्रकार ऐन विशीतला तरुण होता. त्याने तोवर हिंदुस्थानात पाऊलही ठेवले नव्हते. तरीही कावेरीच्या पात्रातून तटाकडे धावणारे सैनिक पाहताना आपण प्रत्यक्ष रणभूमीवरच उभे आहोत असे वाटून लंडनचे नागरिक थक्क होत.

अशा चित्रांना 'पॅनोरमा' म्हणत. ही कल्पना रॉबर्ट बार्करची. तिचे एकस्व त्याने १७८७ साली घेतले आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात खास याच कामासाठी एक गोल इमारत उभारली. प्रेक्षकाला आधी अंधाऱ्या वाटेने नेत आणि मग जिन्याने मध्यभागीच्या चौथऱ्यावर आणीत. चित्राची वरची व खालची कड झाकलेली असे. यामागचे मर्म साधे पण महत्त्वाचे होते. चौकट दिसली की मन तुलना करते. चौकटच दिसली नाही तर तुलनेला आधार उरत नाही. आज ज्याला 'आभासी वास्तव' म्हणतात त्याच्या इतिहासाचा आरंभ याच शोधापासून धरावा, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. चोहोबाजूंनी वेढणारे चित्र अधिक पटते, पण ते कोणी रंगविले आणि कोणाच्या बाजूने रंगविले हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. उलट तो विचारण्याचे भानच प्रेक्षकाला राहत नाही. लंडनला दिसले ते जेत्यांचे श्रीरंगपट्टण होते.

महाराष्ट्रातही या कुळातील एक प्रयोग झाला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने चित्रदीपाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवीत. चित्रे भराभर बदलून हालचालीचा भास उत्पन्न करीत आणि सोबत निवेदन व गाणी असत. रामायण-महाभारतातील प्रसंगांबरोबर सर्कशीचे खेळही त्यात होते. पटवर्धनांनी निवडलेले नाव विचारपूर्वक योजलेले दिसते. शंबरासुर हा मायेचा जाणकार म्हणून पुराणांत प्रसिद्ध आहे आणि शांबरी विद्या म्हणजे नसलेले असल्यासारखे दाखविण्याची विद्या. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कल्याणात योजलेला हा शब्द आजच्या तंत्रालाही शोभून दिसला असता.

पॅनोरमाने प्रेक्षकाला वेढले खरे, पण चित्र सपाटच राहिले. खोलीचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. मनुष्याचे दोन डोळे एकमेकांपासून सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यामुळे एकाच वस्तूच्या किंचित भिन्न अशा दोन प्रतिमा मेंदूकडे जातात आणि त्या भेदावरून मेंदू अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हे सप्रयोग दाखवून दिले. दोन आरशांच्या साहाय्याने त्याने एक रेखाचित्र एका डोळ्याला व दुसरे दुसऱ्या डोळ्याला दाखविले, तेव्हा कागदावरच्या रेषा हवेत उभ्या राहिल्यासारख्या दिसल्या. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती त्यानंतरच्या वर्षी. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप बनविला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर तो घरोघर पोचला आणि ताजमहाल किंवा काशीचे घाट यांची जोडचित्रे युरोप-अमेरिकेतील दिवाणखान्यांत बसून पाहता येऊ लागली.

तथापि पॅनोरमा, चित्रदीप आणि स्टिरिओस्कोप यांत एक उणीव सारखीच होती. पाहणारा हलला तरी चित्र त्याची दखल घेत नसे. ही उणीव नेमकी कोणती, हे समजण्यासाठी एका नाट्यगृहाचे उदाहरण उपयोगी पडेल.

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर ही वसाहत आहे. तेथे २००४ साली 'रंगशंकरा' हे नाट्यगृह सुरू झाले. अभिनेते व दिग्दर्शक शंकर नाग १९९० साली अपघातात निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी ते उभारले. या दोघांचीही रंगभूमीवरील जडणघडण मुंबईत झाली आणि मराठी रंगभूमीशी दोघांचाही संबंध होता. कन्नडबरोबर इतर अनेक भाषांतील नाटके येथे होतात. नाटक वेळेवर सुरू होते आणि उशिरा येणाऱ्यास आत घेत नाहीत, अशी या नाट्यगृहाची ख्याती आहे. आता अशा प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाने मान थोडी बाजूला केली तर काय होते? पुढच्या खुर्चीवरील डोके सरकते, त्यामागे झाकलेला नट दिसू लागतो आणि नटामागचा खांब त्याच्या पाठीआड जातो. जवळच्या वस्तू अधिक सरकतात, दूरच्या कमी. हे सारे त्याच क्षणी घडते, कारण तेथे प्रतिमा बनवावी लागत नाही. वस्तूच तेथे आहेत. चित्रपटगृहात मात्र मान कितीही हलविली तरी पडद्यावरील नायकाच्या मागे काय आहे ते दिसत नाही.

रंगभूमीचे उदाहरण येथे आणखी एका कारणाने समर्पक आहे. 'आभासी वास्तव' हा शब्दप्रयोग प्रथम संगणकशास्त्रात झालेला नाही. आन्तोनँ आर्तो या फ्रेंच नाट्यविचारवंताने रंगभूमीची तुलना किमयेशी करताना तो वापरला. त्याचा तो निबंधसंग्रह १९३८ साली प्रसिद्ध झाला. रंगमंचावरील माणसे, वस्तू आणि प्रतिमा यांचे जे जग उभे राहते त्यास त्याने हे नाव दिले. पन्नास वर्षांनी तोच शब्द यंत्राच्या वाट्याला आला.

मान वळताच जग वळले पाहिजे, ही अट पुरी करणारे पहिले यंत्र आयव्हन सदरलँड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने बनविले. १९६५ साली त्याने एका छोट्या लेखात अशा पडद्याची कल्पना मांडली, की ज्यातील खुर्चीवर बसता येईल आणि ज्यातील बंदुकीची गोळी प्राणघातक ठरेल. १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठात बॉब स्प्रौल या विद्यार्थ्याच्या साहाय्याने त्याने तयार केलेली वस्तू या कल्पनेच्या मानाने फारच साधी होती. दोन लहान चित्रनलिका डोळ्यांपुढे बसविलेल्या, त्यांचे ओझे छतापासून लोंबणाऱ्या दांड्याने तोललेले, आणि डोके कोठे वळले हे त्या दांड्यावरून संगणकाला कळणारे. दिसे काय, तर केवळ प्रकाशरेषांचा घन. पण पाहणारा त्या घनाभोवती चालू शके आणि त्याची दुसरी बाजू पाहू शके. चित्र आणि शरीर यांची गाठ येथे प्रथम पडली. सदरलँडच्या आधी मॉर्टन हायलिग या छायाचित्रकाराने 'सेन्सोरामा' नावाची पेटी बनवून १९६२ साली तिचे एकस्व मिळविले होते. तीत त्रिमितीय चित्रपट, हलणारे आसन, वारा आणि वास इतके सारे होते आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवरून मोटारसायकलने फिरल्याचा अनुभव मिळे. भांडवल न मिळाल्याने ती मागे पडली. वैभव हायलिगच्या पेटीत अधिक होते, पण भविष्यकाळ सदरलँडच्या उघड्याबोडक्या घनात होता.

गाठ पडली तशी अडचणही उभी राहिली. डोके किती वळले हे मोजणे, त्यावरून नवे चित्र काढणे आणि ते डोळ्यांपुढे ठेवणे, या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. हा वेळ सेकंदाच्या दशांशाइतका असला तर तो नगण्य वाटेल. परंतु सहज मान वळविताना डोके सेकंदाला शंभर अंशांच्या गतीने फिरू शकते. म्हणजे दशांश सेकंदाच्या विलंबात चित्र दहा अंश मागे पडते. हात पुढे ताणून मूठ धरली तर ती डोळ्यांपुढील जेवढी जागा व्यापते, तेवढे हे अंतर होय. मान थांबल्यावरही जग क्षणभर सरकत राहते आणि मग जागेवर येते.

हा विलंब मेंदूला खपत नाही, याचे कारण कानात आहे. आंतरकर्णात परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला फिरण्याची गती समजते. तिच्या आधारे डोळे तत्काळ उलट दिशेला वळतात, म्हणून चालताना समोरचे दृश्य हिंदकळत नाही. कान म्हणतो, डोके वळले. डोळा म्हणतो, जग अद्याप जागचे हललेले नाही. अशा विसंवादातून घाम, मळमळ आणि भोवळ येते. घाटातल्या वळणावर एस. टी. गाडीत पुस्तक वाचणाऱ्याला होणारा त्रास याच जातीचा; तेथे कानाला हालचाल कळते आणि पानावर खिळलेल्या डोळ्याला ती कळत नाही.

हा त्रास वैमानिकांच्या शिक्षणात फार आधीपासून परिचित होता. किंबहुना आभासी जग निर्माण करण्याची खरी निकड विमानविद्येतच होती, मनोरंजनात नव्हे. अमेरिकेत पियानो व ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराच्या एडविन लिंक या मुलाने वडिलांच्या कारखान्यातील भात्यांचा उपयोग करून १९२९ साली जमिनीवरचे एक नकली विमान तयार केले. आत बसून दांडा ओढला की भात्यांतील हवेने ते कलत असे. सुरुवातीला ते जत्रेतील खेळणे म्हणूनच अधिक खपले. १९३४ साली अमेरिकन लष्करी वैमानिकांकडे टपाल नेण्याचे काम आले आणि खराब हवामानात काही आठवड्यांतच अनेकांना प्राणास मुकावे लागले. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही, कान चुकीचा कल सांगतो आणि वैमानिक कानावर विश्वास ठेवतो, हे त्यांच्या नाशाचे एक प्रमुख कारण होते. लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे बनली. कानाकडे दुर्लक्ष करून मापकांवर भरवसा ठेवावा, एवढाच धडा त्या निळ्या पेटीत बसून मिळे. आणि तो पुरेसा होता.

बंगळूर हे भारतातील विमानविद्येचे केंद्र. त्यामुळे आभासी जगाचा सर्वांत कसोटीचा भारतीय प्रयोगही येथेच घडला. १९८३ साली हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला. 'तेजस' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले ते हेच विमान. कोटा हरिनारायण यांच्याकडे त्याचे नेतृत्व होते. चपळाईसाठी या विमानाची रचना बुद्ध्याच अस्थिर ठेवण्यात आली. हातातली काठी तळव्यावर उभी धरावी तसे हे विमान क्षणोक्षणी सावरावे लागते आणि हे काम माणसाच्या आवाक्यातले नाही. वैमानिक दांडा हलवितो तेव्हा तो संगणकाला आपला हेतू कळवितो. कोणता पृष्ठभाग किती हलवायचा हे संगणक ठरवितो. त्यासाठीच्या गणिती सूत्रांना 'नियंत्रण-नियम' म्हणतात. १९९२ साली बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ते तयार करण्यासाठी वैज्ञानिकांचे पथक नेमण्यात आले.

नियम तयार झाले, पण ते पारखायचे कसे? चुकीचा नियम आकाशात सापडला तर विमान आणि वैमानिक दोन्ही जाणार. भीती काल्पनिक नव्हती. २ फेब्रुवारी १९८९ रोजी स्वीडनच्या 'ग्रिपेन' विमानाचा पहिला नमुना उतरताना हेलकावे खात कोसळला. वैमानिक सुदैवाने वाचला. १९९२ साली अमेरिकेच्या 'वायएफ-२२' वरही असेच संकट आले. अशा हेलकाव्यांचे मूळ पुष्कळदा विलंबात असते. वैमानिक दांडा ओढतो, विमान क्षणभर उशिरा प्रतिसाद देते, तो अधिक ओढतो, तोवर पहिला प्रतिसाद येऊन पोचतो, मग तो घाईने उलट ढकलतो. प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या वेळी पोचून हेलकावा वाढवीत जाते. डोक्यावर पडदा बांधलेल्या माणसाला ज्या दोषामुळे मळमळते, तोच दोष विमानात प्राणावर बेततो.

हे पारखण्यास प्रगत सिम्युलेटर हवा होता आणि त्या काळी भारतात तशी सोय नव्हती. म्हणून १९९३ साली ब्रिटिश एरोस्पेस व अमेरिकेतील लॉकहीड या कंपन्यांचे साहाय्य घेण्यात आले. अमेरिकेत एक विलक्षण साधनही उपलब्ध होते. एका एफ-१६ विमानाचे संगणक असे बदललेले होते, की ते दुसऱ्या एखाद्या विमानासारखे वागू शके. तेजसचे नियम त्यात भरले आणि जुलै १९९६ पर्यंत ३३ उड्डाणे करण्यात आली. वैमानिक खऱ्या आकाशात होता, त्याच्या अंगावरचा भार खरा होता, विमान तेवढे आभासी होते. असे उलटे आभासी वास्तव का लागते? जमिनीवरच्या सिम्युलेटरात वैमानिकाला ठाऊक असते की आपण मरणार नाही. त्याचा हात सैल राहतो आणि हाताच्या ताठरपणातून उद्भवणारे हेलकावे तेथे दिसतच नाहीत.

मे १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि हे सहकार्य संपुष्टात आले. उरलेले काम बंगळूरच्या पथकाने स्वतः पुरे केले. पहिले विमान कारखान्याबाहेर आले होते नोव्हेंबर १९९५ मध्ये. ते पाच वर्षांहून अधिक काळ जमिनीवरच राहिले. त्या दिरंगाईवर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. टीकाकारांना विमान दिसत होते, पण न दिसणारे नियम दिसत नव्हते, एवढेच म्हणता येईल. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी बंगळूरच्या विमानतळावरून ते उडविले आणि अठरा मिनिटांनी सुखरूप खाली आणले. या विमानाच्या अंतःकरणातील नियम तोवर आभासी उड्डाणांत पुनःपुन्हा तावून सुलाखून निघाले होते.

इकडे डोक्यावर बांधायच्या पडद्याची वाटचाल निराळ्या मार्गाने चालू होती. १९८५ च्या सुमारास अमेरिकन अंतराळ संस्थेच्या एम्स केंद्रात मायकेल मॅकग्रीव्ही व स्कॉट फिशर यांनी खिशात मावणाऱ्या दूरचित्रवाणी संचांचे द्रव-स्फटिक पडदे वापरून स्वस्त शिरस्त्राण तयार केले. त्याच सुमारास जेरन लनियर याने व्हीपीएल ही कंपनी काढली. बोटांची हालचाल ओळखणारा हातमोजा आणि शिरस्त्राण तिने विक्रीस आणले आणि 'आभासी वास्तव' हा शब्द लनियरमुळेच सर्वतोमुखी झाला. गाजावाजा फार झाला. कंपनी मात्र टिकली नाही. १९९५ साली निंटेंडो या जपानी कंपनीने 'व्हर्च्युअल बॉय' हे खेळणे आणले. त्यातील चित्रे केवळ लाल रंगाची होती आणि डोके वळविण्याशी त्यांचा संबंधच नव्हता. वर्षभरातच त्याचे उत्पादन बंद पडले. संगणकांची गती कमी होती आणि विलंब अधिक होता, हे या अपयशाचे खरे कारण. त्या काळातील एक उपयोग मात्र नमूद करण्याजोगा आहे. १९९५ साली बार्बरा रॉथबॉम व लॅरी हॉजेस आदींनी उंचीची धास्ती असणाऱ्यांना आभासी पूल व काचेचे उद्वाहन दाखवून ती धास्ती कमी करता येते, असे दाखविले. चित्रे ओबडधोबड होती, तरी रुग्णांचे पाय लटपटत. भीती वाटण्यास चित्र हुबेहूब असावे लागत नाही, पण ते वेळेवर यावे लागते.

पालट घडविला तो भ्रमणध्वनीने. लाखोंच्या संख्येने खपणाऱ्या या वस्तूमुळे दाट ठिपक्यांचे लहान पडदे आणि डोके कोठे वळले ते सांगणारी सूक्ष्म उपकरणे अतिशय स्वस्त झाली. पामर लकी या अमेरिकन तरुणाने २०१२ साली त्यांपासून 'ऑक्युलस' हा संच जुळविला व लोकवर्गणीतून चोवीस लाख डॉलर जमविले. २०१४ साली फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरांना घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याची घडी व दोन भिंगे यांत भ्रमणध्वनी ठेवण्याची युक्ती पुढे आणली. तो वस्तुतः ब्रूस्टरचा स्टिरिओस्कोपच होता. २०१६ च्या संचांत सेकंदाला ९० चित्रे दिसू लागली आणि विलंब वीस सहस्रांश सेकंदांच्या आसपास आणता आला. आता चूक दोन अंशांची उरली, म्हणजे ताणलेल्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी. तीही झाकण्यासाठी संगणक डोके पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज बांधतो आणि तयार झालेले चित्र अगदी अखेरच्या क्षणी किंचित सरकवून दाखवितो. विलंब नाहीसा झालेला नाही. तो भाकिताने भरून काढला जातो.

दुसरी एक अडचण मात्र अद्याप पुरती सुटलेली नाही. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यांतील भिंगेही जवळचे पाहण्यासाठी जुळतात. शिरस्त्राणात डोळे आभासी वस्तूकडे वळतात, पण भिंगांना नेहमी एकाच अंतरावर जुळावे लागते. या ओढाताणीने डोळे शिणतात.

गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चार वैमानिकांनी रशियातील प्रशिक्षणानंतर बंगळूरच्या केंद्रात शिक्षण घेतले. तेथील सिम्युलेटरांत आभासी वास्तवाचाही समावेश आहे. यानाच्या आतील मांडणी, कळा आणि हालचालींचा क्रम त्यातून अंगवळणी पाडता येतो. पण आंतरकर्णात नलिकांखेरीज सूक्ष्म खड्यांची एक योजना असते. गुरुत्वाकर्षण ज्या दिशेला ओढते ती दिशा हे खडे मेंदूला सतत कळवीत असतात. डोळ्यांपुढे तरंगते यान कितीही वेळेवर दाखविले तरी जमिनीवर असेपर्यंत 'खाली' कोठे आहे, हे ते सांगतच राहतात. या चौघांपैकी शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे झेपावले, तेव्हा त्या खड्यांचे सांगणे थांबले.